सातव्या नंबरची बायको

निकानोरच्या दुकानात मी रविवारच्या राविओलीसाठी पालक निवडत होते आणि रेडिओवर माझा नवरा सातवा आला. आधी माझं लक्षच नव्हतं. 'अनिबाल सेरुत्ती' हे नाव रेडिओवर इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की पावाच्या भावासारखं ते कानावरून जातं. पण निकानोरने तराजू तसाच अधांतरी धरला आणि ओठांवर बोट ठेवलं, म्हणून ऐकू लागले. आपल्या फुटबॉलच्या पहिल्या वर्गाच्या लीगमध्ये आजवर झालेले दहा थोर कोच कोण, यावर देशभरच्या पत्रकारांनी मतं दिली होती म्हणे, आणि ब्रुसोने नावाचा तो निवेदक दहापासून एकेक पायरी वर चढत सातवर आला होता. "सेरुत्ती! आग विझवणारा सेरुत्ती! बुडत्या क्लबांना मानगुटीला धरून वर काढणारा! आता विजेतेपद एकही नाही, ते सोडा. पण मंडळी, याचं गुपित ठाऊक आहे ना? फळा नाही, खडू नाही, डावपेच नाहीत. सामना सुरू झाला की बायकोला बाथरूममध्ये नेऊन बसवतो!" मग स्टुडिओतले सगळे हसले. खदाखदा हसले. एका मेल्याने तर तोंडाने संडासाची साखळी ओढल्याचा आवाज काढून दाखवला. निकानोरही हसला, मग माझ्याकडे बघून त्याने खोकल्याचं सोंग केलं.

"मनावर घेऊ नका, दोन्या ओफेलिया. प्रेमाने म्हणतात हो ते." दोन्या म्हणजे बाईसाहेब; निकानोर मला आदराने तसंच म्हणतो.

"पालकात माती आहे," मी म्हणाले. "दुसरी जुडी दे."

त्याने दुसरी जुडी दिली, वर अजमोद्याच्या दोन काड्या फुकट टाकल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "उद्या बसताय ना पण? म्हणजे वेळेवर? तुमच्या पाया पडतो, उद्या फक्त बरोबरी हवी आहे आपल्याला."

आपल्याला म्हणजे साळादेरो क्लबला, म्हणजे नदीकाठच्या आमच्या सगळ्या वस्तीला. वर्षाचा शेवटचा सामना. आमच्याकडे एका वर्षाच्या खेळावर कुणी खालच्या वर्गात जात नाही. तीन वर्षांच्या गुणांची सरासरी काढतात. म्हणजे आधीच्या दोन वर्षांत कुणी तिसऱ्याच कोचने शेण खाल्लेलं असतं आणि ते निस्तरायला शेवटच्या महिन्यात माझ्या नवऱ्याला बोलावतात. आयुष्यभर त्याने हेच केलं. कुठल्या कुठल्या गावांतले क्लब वाचवले, वाचल्यावर त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातले आणि पुढच्या वर्षी नवा, तरणाबांड, फळेखडूवाला कोच आणला. निवृत्त होऊन घरी बसला होता, तर साळादेरोने गेल्या महिन्यात दार ठोठावलं. सत्तरी उलटलेला माणूस, पण लहान मुलासारखा उडी मारून उठला आणि कपाटातून तो तपकिरी कोट काढला, ज्याच्या कोपरांना मी तीनदा ठिगळं लावली आहेत. कोट हा पहिला शकुन, आणि मी दुसरा.

पिशवी घेऊन घरी चालताना कानात ते हसणं होतं आणि डोक्यात एकच: म्हणजे सगळ्या देशाला माहीत आहे. वस्तीला माहीत होतं, ते मला माहीत होतं. खालच्या मजल्यावरची तीता रविवारी सकाळी जिन्यात भेटली की म्हणायची, "चहाचा थर्मास भरून ने गं आत, थंडी आहे." मला त्यात कधी लाज वाटली नव्हती, खरंच सांगते. मिरवायचेच मी थोडी. कुणाच्या बायका स्टेडियमात फर घालून बसत आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत. मी तिथे आत, हिरव्या फरशांच्या खोलीत, टबाच्या डाव्या कडेवर, नळ सोडून, म्हणजे रस्त्यावरची आरडाओरड कानावर येऊ नये. सामना माझ्यावर तोलून धरलाय, असं वाटायचं मला. जरा हलले तर कुठेतरी कुणाचा तरी पाय घसरेल. समोरच्या एका फरशीला तडा आहे, वरून खाली येताना मध्येच डावीकडे वळणारा. तो तडा मला माझ्या लेकीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे. माझ्या नवऱ्याचा एकही सामना मी पाहिलेला नाही. एकही नाही. तो घरी येऊन जेवताना पावाचे तुकडे मांडून मला गोल दाखवायचा, हा इथून आला, याने असं दिलं, आणि मी म्हणायचे, अगं बाई, हो का! आणि या सगळ्याची सुरुवात कशातून झाली, तर माझ्या ओकाऱ्यांतून. मीर्ता पोटात होती, संघ हरत होता, मी बाथरूमकडे धावले, आणि मी तिथे वाकून बसले असताना त्यांनी सामना फिरवला. मी तोंड धुऊन बाहेर आले तर अनिबालचा फोन. "कुठे होतीस? काय करत होतीस? उभी होतीस की बसलेली?" बिचारी मी खरं ते सांगून मोकळी झाले.

घरी आले तर तो स्वयंपाकघरात, ऑलिव्हची बरणी उघडून टेबलाशी. रेडिओ बंद, पण नुकताच बंद केलेला. त्याचा डबा अजून कोमट होता. समोर ताटलीत त्याने ऑलिव्ह एका ओळीत मांडले होते.

"सातवा!" तो म्हणाला. "ऐकलंस? सातवा! मालविसिनोच्या मागे!"

"ऐकलं."

"हा बघ मालविसिनो." त्याने तिसरा ऑलिव्ह बोटाने टोचला. "तीन विजेतेपदं. कुणाचे खेळाडू घेऊन? पैशाने विकत आणलेले. माझी आजीसुद्धा जिंकली असती. हा ग्रासिआनो, दुसरा. याला फक्त नशीब. पाऊस पडला की समोरचा गोलकीपर घसरायचा. आणि हा पहिला, ओयारबिदे. ठीक आहे, ओयारबिदे पहिला, त्याला मी काही म्हणत नाही. मेला आहे तो."

मी पालक धुवायला घेतला. वाट बघत होते मी. आता म्हणेल, मग म्हणेल: आणि ते बाथरूमबद्दल काय हसत होते ते, ब्रुसोनेला चार शब्द सुनावले पाहिजेत. ओठांवर आलं असेल, कोटाच्या खिशात अडकलं असेल. पण तो ऑलिव्ह पुढेमागे करत राहिला, कुणाला चौथा करावं, पाचव्याला कसा खाली ओढावा, आणि मला हळूहळू कळलं, की ते हसणं त्याला ऐकूच आलेलं नाही. त्यात हसण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. नळ असतो, कोट असतो, तशी मी होते.

"अनिबाल, ते माझ्यावर हसत होते."

"कोण?"

"तुझे पत्रकार."

"हसू दे गं. सातवा म्हणाले ते महत्त्वाचं." मग मान वर न करता, सातवा ऑलिव्ह उचलून तिसऱ्याच्या जागी नेत तो म्हणाला, "तू त्या दिवशी उठली नसतीस ना, तर मी इथे असतो."

पालकाखालचं पाणी मी बंद केलं. त्या दिवशी. आमच्या घरात 'तो दिवस' एकच. विजेतेपदाचा सामना होता, आयुष्यात एकदाच जवळ आलेलं विजेतेपद, आणि मी टबाच्या कडेवर बसलेली असताना बाहेर फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. हॉस्पिटलात माझी आई होती. मी तड्याकडे बघत बसले. मला कळत होतं कुणाचा फोन आहे आणि कशासाठी, आणि तरी मी बसले होते. चौथ्यांदा वाजला तेव्हा उठले. नर्स म्हणाली, या लवकर, आणि तेवढ्यात खालून तीताच्या घरातून अशी काही किंकाळी आली, की मला आधी वाटलं तिलाही कळलं माझ्या आईचं. पेनल्टी होती ती. विजेतेपद गेलं, आई गेली, एकाच पाच मिनिटांत. रात्री आईच्या शवपेटीशी बसले होते, बायका जपमाळ म्हणत होत्या, तेव्हा तो तपकिरी कोटातच आला, माझ्या शेजारी टेकला, माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता रडावं याच्या खांद्यावर. तर कानाशी येऊन त्याने विचारलं, "कितव्या मिनिटाला उठलीस?" लाज वाटली मला, माझीच. इतकी वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर मनात शोधत राहिले, जणू खरंच काही उत्तर असावं.

मी हात पुसले, टेबलाशी गेले आणि त्याच्या ओळीतला पहिला ऑलिव्ह उचलून तोंडात टाकला.

"अगं, ओयारबिदे आहे तो!"

"खारट आहे," मी म्हणाले आणि दुसरा खाल्ला. मग मालविसिनो खाल्ला. तो बघतच राहिला. सातवा, जो तिसरा झाला होता, तो मी नीट चावून खाल्ला आणि बी ताटलीच्या काठाशी ठेवली. "तुझी बॅग भरून ठेवली आहे. खेळाडू हॉटेलवर वाट बघत असतील."

दाराशी त्याने सवयीने माझ्या कपाळाचा मुका घेतला. "उद्या, डाव्या कडेवर," म्हणाला. "आणि राणी, फोनची वायर काढून ठेव आधीच."

रविवारी राविओली केले, एकटीने खाल्ले, ऑलिव्हची ताटली तेवढी सोडून भांडी घासली, फोनची वायर काढली आणि जाऊन बसले. हो, बसले. कुणाला वाटेल रागाने पेटून मी सकाळीच निघाले असेन, पण शरीराला वळण लागलेलं असतं. रविवारी दुपारी पाय आपोआप तिकडे जातात. टबाची कड गार लागली. हात नळाकडे गेला आणि नळाला पाणी नव्हतं. आमच्या इमारतीत असं होतंच, वरची टाकी रिकामी होते, त्यात काही नवल नाही. पण पाणी नाही म्हटल्यावर वाऱ्याच्या झरोक्यातून पहिल्यांदाच सगळं वर येऊ लागलं: तीताच्या घरातल्या कांद्याचा वास, खुर्ची सरकवल्याचा आवाज आणि तिचा रेडिओ. ब्रुसोनेच होता. "संघ मैदानात उतरताहेत, आणि मंडळी, आपल्या वहिनीसुद्धा एव्हाना आपल्या जागेवर बसल्या असतील!" पुन्हा तेच हसणं. तीतासुद्धा हसली. हसता हसता म्हणाली, "बसली, बसली! आत्ताच दाराचा आवाज आला मला!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाज नव्हे. मी स्वतःला पाहिलं, त्या तडा गेलेल्या फरशीत नाही, झरोक्यातून खालून वर बघावं तसं: एक म्हातारी, धडधाकट, चांगल्या साडेतीन खोल्यांच्या घरात, संडासात दार लावून बसलेली. का? तर पलीकडच्या गल्लीत अकरा पोरं चेंडूमागे धावताहेत म्हणून. उठले. मोठ्याने दार आपटलं, तीताला ऐकू जाईल असं. लाल स्वेटर घातला.

स्टेडियम आमच्या घरापासून इतकं जवळ आहे, की गोल झाला की आमचे कप किणकिणतात. आणि मी आत कधी गेले नव्हते. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काकू, खेळ सुरू झालाय," मी म्हणाले, "माझाही." जिना चढून वर आले आणि ते हिरवं एकदम अंगावर आलं. इतकं मोठं असतं? पावाच्या तुकड्यांवरून मला वाटायचं, टेबलाएवढंच असेल. लोक उभे, खांद्याला खांदा, भाजलेल्या सॉसेजचा धूर, शिव्या, अशा शिव्या की देवा रे, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या दिवंगत सासूला. मला हसू फुटलं. तिथे, पांढऱ्या रेषेजवळ, तपकिरी कोट. किती लहान दिसत होता! पुढे चालायचा, मागे चालायचा, हात झाडायचा, ओरडायचा, आणि त्याचं मैदानात कुणीही ऐकत नव्हतं. मी बराच वेळ फक्त तेच बघत होते. तो हात करी डावीकडे आणि पोरं उजवीकडे जात. त्याचं ऐकूच जात नव्हतं कुणाला. त्या गोंगाटात स्वतःच्या आईची हाकसुद्धा ऐकू आली नसती. म्हणजे तोही बसलेलाच होता की! हलतो, बोलतो, देव मानतो स्वतःला, आणि पलीकडे काय व्हायचं ते होतच असतं. त्याच्या बाथरूमला भिंती नव्हत्या एवढंच. क्षणभर मला त्याची इतकी दया आली, की परत जाऊन बसावंसं वाटलं.

सामना बरोबरीतच होता. दुसऱ्या हाफचा बराच भाग सरला होता आणि मला खेळ कळू लागला होता. आमचा डावा बचावपटू, लांब केसांचा, दमला होता. गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहायचा आणि त्यांचा सात नंबर त्याच्या बाजूने वाऱ्यासारखा जायचा. मी शेजारच्याला म्हणाले, "त्याला बाहेर काढायला हवं, नाही का?" शेजारचा वळला. निकानोर होता तो. माझ्याकडे बघून त्याच्या हातातलं सॉसेज पडलं.

"दोन्या ओफेलिया! तुम्ही इथे? मग तिकडे कोण आहे?"

"तिकडे कुणी नाही."

"अहो, असं कसं कुणी नाही!" त्याचा आवाज चिरकला, आणि पुढचे दोघे वळले, त्यांच्या पुढचे चौघे वळले. "सेरुत्तीची बायको... बाथरूमवाली... अरे, ही इथे आहे!" बघता बघता माझ्याभोवती रिंगण झालं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. हात जोडले त्यांनी. मोठेमोठे बाप्ये, दंडावर क्लबचं गोंदण, डोळ्यांत पाणी. "काकू, थोडाच वेळ राहिलाय हो, जा की बाथरूमला!"

"मला लागलेली नाही."

"इथेच खाली आहे, बायकांचं आहे, स्वच्छ आहे. मी दाराशी उभा राहतो, कुणाला येऊ देत नाही. तुम्ही नुसत्या बसा!"

"तू बस," मी म्हणाले. "तुझा पायगुण बघू कसा आहे."

"बाई, माझा बाप मरणाला टेकलाय, आणि क्लब खाली गेला हे ऐकून त्याला मरायचं नाही हो!"

"मग तू इथे काय करतोस? त्याच्यापाशी जाऊन बस." हे मी जरा जोरातच बोलले. मी त्या सिमेंटच्या पायरीवर पाय रोवून उभी होते आणि मला पक्कं ठाऊक होतं, की आता यांनी मला उचलून नेलं तरच मी हलणार, आपणहून नाही.

एवढा गलका झाल्यावर खालच्या तपकिरी कोटाने वर बघितलं. लाल स्वेटर त्याला दिसला. मी हात हलवला, बायका कॅमेऱ्याकडे बघून हलवतात तसा. तो थिजला. मग दोन्ही हातांनी खुणा करू लागला: जा, जा, घरी जा, बस, बस. ओरडत होता तो. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मैदानाकडे त्याची पूर्ण पाठ झाली होती. आणि त्याच्या पाठीमागे, मी अगदी स्वच्छ पाहिलं, त्यांच्या सात नंबरला चेंडू मिळाला, लांब केसांचा गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, सात नंबर त्याच्या बाजूने निघाला, एकाला चुकवलं, आत वळला आणि खालच्या कोपऱ्यात मारला. स्टेडियम असं गप्प झालं, की मला माझा श्वास ऐकू आला. अनिबाल अजूनही माझ्याकडे बघून हात हलवत होता. गप्प का झाले सगळे, हे त्याला वळून बघावं लागलं.

साळादेरो खाली गेला. मी शेवटची शिटी होईपर्यंत तिथेच उभी होते. कुणी मला स्पर्श केला नाही. मी निघाले तेव्हा बाजूला झाले, दुखवट्याच्या घरातून बाई निघाली की होतात तसे. एक जण मागून म्हणाला, "झालं समाधान?" मी थांबले आणि वळून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

अनिबाल अंधार पडण्याआधी आला. कोट काढला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"का आलीस?"

"बघायला."

"बघितलंस ना मग काय झालं ते?"

"मी बघितलं," मी म्हणाले. "तू नाही बघितलंस. गोल झाला तेव्हा तुझी पाठ होती. लांब केसांचं पोरगं अर्धा तास मरगळलं होतं, मला कळलं, मला! पहिल्यांदा मैदान बघणाऱ्या बाईला! आणि तू माझ्याकडे बघत होतास. हा सामना मी हरलेले नाही, अनिबाल. तूच हरलास. आणि त्या दिवशीचाही तूच हरलास. मी तेव्हा आईच्या फोनसाठी उठले. कितव्या मिनिटाला ते मला माहीत नाही आणि आता माहीत करून घ्यायचं नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हाच उठायला हवं होतं मी."

तो उलट बोलेल असं वाटलं होतं. आयुष्यभर बोलत आला आहे. तो वळला, बाथरूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं. टबाची कड करकरली. मग नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी परत आलं होतं.

मी रेडिओ लावला. ब्रुसोने होताच. "सातवा? मंडळी, आज मतदान घेतलं असतं तर पहिल्या पन्नासात तरी आला असता का?" मी आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. ऑलिव्हची बरणी काढली, भुकेने पोट ओरडत होतं. बराच वेळ गेला. नळ बंद झाला.

"ओफेलिया," आतून आवाज आला. म्हातारा आवाज, मी तो कधी ऐकला नव्हता. "ओफेलिया, कसा झाला गं गोल?"

मी ताटली समोर ओढली. एक ऑलिव्ह लांब केसांचा, एक सात नंबर, दोन मधले. कालची, सातव्याची बी अजून काठाशी होती. ती मी ताटलीच्या बाहेर, टेबलावर ठेवली.

"बाहेर ये," मी म्हणाले. "दाखवते."